एका वाटीभर दुधाचं वैर



आज सेवेला क्षमेचा अभंग घेतला होता. तो तुम्हां सर्वांना पाठ आहे, म्हणून पुस्तकात पुन्हा देत नाही. त्याच्या निमित्ताने जे चिंतन झालं, तेवढं इथे देतो.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, ‘डूख’. साप डूख धरतो असं म्हणतात. शेपटीवर पाय पडला की तो त्या माणसाला वर्षानुवर्षं शोधत येतो, अशा गोष्टी लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकल्या. आता साप पकडणारी जाणती मंडळी सांगतात, की साप असलं काही करीत नाही. तो भितो, चावतो आणि बिळात जातो. त्याला तुमचं तोंडसुद्धा आठवत नाही. मग डूख धरतो कोण? माणूस धरतो महाराज! धरतो माणूस, आणि नाव घालतो सापाच्या.

आणि कशावरून धरतो म्हणता? मोठ्या गोष्टीवरून धरला तर एक वेळ समजू. लग्नात टॉवेल-टोपी द्यायची राहिली. पंगतीत वाढणारा पुढे निघून गेला. पत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं. बांधावरची बाभळ इकडच्याने तोडली. झालं! बारा बारा वर्षं भाऊ भावाच्या दारात जात नाही. न जाईना का, तेवढ्यावर भागलं तर बरं. पण एखादा असा निघतो, की तो नुसता रुसत नाही, तो बेत करतो. रात्री गंजीला काडी लावतो, मोटारीची वायर तोडतो, सोयरीक मोडायला निनावी चिठ्ठी पाठवतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं? तर हे ‘एवढंसं’ एवढं मोठं कसं होतं, ते आज बघायचं आहे. त्यासाठी महाभारताइतकं चांगलं शास्त्र दुसरं नाही.

लोक म्हणतात, महाभारत राज्यासाठी झालं. खरं आहे. पण त्यात एक वैर असं आहे, की ज्याची सुरुवात एका वाटीभर दुधापासून झाली. आदिपर्वात ती कथा आहे.

द्रोण आणि द्रुपद हे बालमित्र. द्रोणांचे वडील भरद्वाज ऋषी आणि द्रुपदाचे वडील पांचालचे राजे पृषत, या दोघांची मैत्री. म्हणून दोन्ही पोरं एका आश्रमात खेळली, शिकली. पोरवयात द्रुपद म्हणाला, “मी राजा झालो की माझं राज्य ते तुझं राज्य.” पोरांचं बोलणं ते! पण एकाने ते बोलून सोडलं आणि दुसऱ्याने गाठीला बांधून ठेवलं.

पुढे द्रुपद गादीवर बसला. द्रोणांचं लग्न कृपीशी झालं, अश्वत्थामा झाला. विद्या घरात भरलेली, पण गाय नाही. शेजारच्या श्रीमंतांची मुलं दूध पिताना अश्वत्थाम्याने पाहिली आणि तो रडायला लागला. द्रोण गाईसाठी हिंडले, मिळाली नाही. तेवढ्यात त्या मुलांनी काय केलं? पाण्यात पीठ कालवलं आणि दूध म्हणून त्याला पाजलं. आणि तो पोरगा नाचायला लागला हो! “मी दूध प्यालो, मी दूध प्यालो!” भोवतीचे लोक हसले. बापाने ते पाहिलं. मायबापहो, बापाच्या काळजाला घर पडणार नाही तर काय होईल?

द्रोण उठले आणि मित्राकडे गेले. ‘मित्रा’ म्हणून हाक मारली. राजा झालेला द्रुपद म्हणाला, कसली मैत्री? राजाची मैत्री राजाशी, दरिद्र्याची राजाशी कुठून असणार? एवढंच बोलला. हात उगारला नाही, हाकलून दिलं नाही. एक वाक्य बोलला. सिंहासनावर बसलेल्याला ते संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. पण ऐकणाऱ्याने ते उशाला घेतलं.

इथे थांबा. द्रोणांचा अपमान खरा होता, खोटा नव्हता. डूख धरणाऱ्याची बाजू पहिल्या दिवशी बहुतेक वेळा खरीच असते. म्हणूनच तर तो फसतो! ‘माझं खरं आहे’ या एका वाक्याच्या आडोशाला पुढची सगळी पापं बसतात.

द्रोण हस्तिनापुरात आले, कौरव-पांडवांचे गुरू झाले. आता घरात काय कमी होतं? गाई आल्या, दूध आलं, मान आला. ज्या दुःखापायी द्रुपदाकडे गेले होते ते दुःख संपलं, पण डूख संपला नाही. शिष्य तयार झाले तेव्हा गुरुदक्षिणा काय मागितली? द्रुपदाला बांधून माझ्यासमोर आणा! शिष्यांचं त्या राजाशी काही वाकडं नव्हतं. अर्जुनाने त्याला धरून आणलं. द्रोण म्हणाले, राजाशी राजाचीच मैत्री होते ना, मग अर्धं राज्य मी ठेवतो, आता आपण बरोबरीचे. उत्तरेकडचं अहिच्छत्र द्रोणांनी घेतलं आणि दक्षिणेकडचा भाग द्रुपदाला परत दिला.

द्रोणांच्या मते हिशेब मिटला. पण सुडाच्या वहीत शिल्लक शून्य कधी येत नाही. एकाची जमा ती दुसऱ्याची उधारी! आता डूख द्रुपदाच्या घरी राहायला गेला.

द्रुपदाची झोप उडाली. द्रोणांना मारील असा मुलगा पाहिजे, म्हणून तो गंगेच्या काठाने ब्राह्मण शोधत फिरला. उपयाज नावाचे ऋषी भेटले. त्यांनी साफ नकार दिला. पण एक गोष्ट सांगितली. माझा थोरला भाऊ याज, त्याने एकदा वनात जमिनीवर पडलेलं फळ उचललं, जागा शुद्ध की अशुद्ध हे पाहिलंच नाही. त्याच्याकडे जा, तो करील. बघा महाराज, सूड घ्यायला निघालेल्याला चांगला माणूस उपयोगाचा नसतो. त्याला पडलेलं फळ न बघता उचलणाराच लागतो. द्रुपद याजांकडे गेला आणि काय देऊ केलं? ऐंशी हजार गाई!

दुधाच्या वाटीसाठी रडणाऱ्या पोराचा बाप दारात आला तेव्हा या घरातून एक गाय सुटली नाही. आणि त्याच बापाला मारायला ऐंशी हजार गाई सुटतात! प्रेमाला एक जड झाली, वैराला ऐंशी हजार हलक्या वाटल्या. आपल्या घरचा हिशेब काढा. भावाला दोन गुंठे सोडायला जीव जातो, आणि त्याच दोन गुंठ्यांच्या दाव्यापायी चार एकर विकून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

यज्ञ झाला, अग्नीतून धृष्टद्युम्न आला आणि वेदीतून द्रौपदी. नवल असं, की धृष्टद्युम्नाला अस्त्रविद्या द्रोणांनीच शिकवली. पुढे युद्ध झालं. द्रोण पाच दिवस सेनापती होते. पंधराव्या दिवशी द्रोणांनी द्रुपदाला मारलं. त्याच दिवशी ‘अश्वत्थामा मेला’ हे कानावर घालून द्रोणांच्या हातातलं शस्त्र गळवलं आणि धृष्टद्युम्नाने त्यांचं मस्तक उडवलं. दोघे बालमित्र एकाच दिवशी गेले. आतातरी संपावं ना? नाही.

अठराव्या दिवशी युद्ध संपलं, दुर्योधन मांडी मोडून पडला. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा एका वडाखाली आले. दोघांना झोप लागली, अश्वत्थामा जागा. वर झाडावर एक घुबड आलं आणि झोपलेले कावळे मारू लागलं. त्याने ते पाहिलं आणि मनात म्हणाला, मला गुरू भेटला! ज्याच्या मनात डूख असतो त्याला सृष्टीत तेवढंच दिसतं. त्याच झाडाच्या पारंब्या, सावली, विसावा त्याला दिसला नाही. मामा कृपाचार्य म्हणाले, आज झोप, सकाळी बघू. ऐकलं नाही. त्या रात्री झोपलेल्या छावणीत तो शिरला, धृष्टद्युम्नाला लाथांनी तुडवून मारलं, द्रौपदीची पाच पोरं मारली. पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं. जन्माला न आलेल्या लेकराने कुणाचं दूध नाकारलं होतं हो?

आता हे कसं घडतं ते नीट बघू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी माणूस पायरीपायरीने कसा उतरतो ते सांगितलं आहे. आधी एकाच गोष्टीचं चिंतन, त्यातून ओढ, मग काम, मग क्रोध, मग भूल, मग स्मरण जातं आणि शेवटी बुद्धी. सुडाचंही तसंच आहे. अपमान सगळ्यांचा होतो. पण गाय चारा रवंथ करते तसा एखादा अपमान रवंथ करतो. गाईच्या रवंथाचं दूध होतं, याच्या रवंथाचं विष होतं. ज्याच्याजवळ नामाचं, घराचं, कामाचं दुसरं सुख नाही, तो अपमानच तिजोरीत ठेवतो. हळूहळू तोच त्याचा धंदा होतो. मग ते सोडा म्हटलं तर त्याला भीती वाटते, की हे सोडलं तर माझ्याजवळ राहिलं काय?

खुणा सांगतो, स्वतःला लावून बघा. घटनेची तिथी-वार तोंडपाठ आहे? ‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे’ असं म्हणता? समोरच्याच्या घरी वाईट झालं की आतून गोड वाटतं? आणि ज्यांचा संबंध नाही अशा माणसांचा त्यासाठी वापर करता? चौथी खूण दिसली, तर समजा की घुबड झाडावर येऊन बसलं आहे.

हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. माझंच सांगतो, लाज बाजूला ठेवून. तिशीत होतो. एका सप्ताहात काल्याचं कीर्तन माझं ठरलं होतं. पत्रिका हातात आली तर काल्याला माझ्या धाकट्या गुरुबंधूंचं नाव आणि मला पाचवा दिवस. मी कीर्तन केलं, हसून केलं, पण पत्रिका पिशवीत जपून ठेवली. पुढच्या हंगामात दोन गावची मंडळी त्यांच्याबद्दल विचारायला आली. मी म्हणालो, “त्यांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय.” खोटं! दोन्ही तारखा गेल्या. बातमी फिरली, आणखीही गेल्या. त्यांचं घर बिदागीवर चालायचं. त्या वर्षी वहिनी लोकांच्या शेतात खुरपायला गेल्या, हे मला कळलं, आणि कळूनही मी गप्प बसलो. तोंडाने ज्ञानोबा-तुकोबा, आणि पोटात अश्वत्थामा.

सहा वर्षांनी आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांचे पाय धरले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बुवा, मला त्याच वर्षी कळलं होतं. काल्याचा बदल मी मागितला नव्हता, पंगत देणाऱ्याने सुचवला होता. दोन वर्षं मला तुमचा फार राग आला. पण चारचौघांत बोललो असतो तर तुमची कीर्तनं बंद पडली असती आणि तुमच्या घरी तेच झालं असतं.” मायबापहो, त्या दिवशी मला क्षमेच्या अभंगाचा अर्थ कळला. त्याआधी मी तो नुसता गात होतो.

देहूत मंबाजी गोसावी होते. महिपतीबुवांनी त्यांची कथा सांगितली आहे. तुकोबारायांची म्हैस मंबाजींच्या बागेत शिरली, एवढंच निमित्त. पण आधीपासून पोटात मत्सर होताच. त्यांनी काटेरी फांदीने तुकोबांना मारलं, अंगात काटे मोडले. संध्याकाळी कीर्तनाला सगळे आले, मंबाजी दिसेनात. तुकोबाराय त्यांच्या घरी गेले. मारणाऱ्याचे हात दुखले असतील म्हणून अंग चेपू लागले, आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले. ज्याने मारलं त्याची रिकामी जागा ज्याला बोचते, तो संत.

आणि द्रौपदी? भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे. पाच पोरं मारली गेलेली, आणि अश्वत्थाम्याला बांधून आणलेलं. ती म्हणाली, सोडा याला, गुरुपुत्र आहे हा. मी रडते तशी याची आई कृपी रडू नये. दुधाच्या वाटीपासून चाललेल्या या साखळीत सगळे आपापल्या अपमानाचं बोलत आले. दुसऱ्याच्या आईचं दुःख पहिल्यांदा हिने पाहिलं.

कोणी विचारील, बुवा, पण सोडल्यावर त्याने पुन्हा अस्त्र सोडलंच ना? सोडलं. म्हणून तर भगवंत गर्भाभोवती राखणीला उभे राहिले आणि परीक्षिती वाचला. तेव्हा नीट ध्यानात घ्या. क्षमा म्हणजे राखण सोडणं नव्हे. कोणी खरोखर घात करायला टपला असेल तर घरच्यांना सांगा, गावच्या जाणत्यांना सांगा, वेळ पडली तर पोलिसांत जा. दाराला कडी जरूर लावा, फक्त तो माणूस रात्री तुमच्या उशाशी झोपू देऊ नका. त्याचा डूख ही त्याची व्याधी. ती तुम्ही घेऊ नका.

माझी आजी दिवाळीला आमच्या अंगाला तेल लावण्याआधी बोटाने जमिनीवर थेंब सोडायची. “अश्वत्थाम्याला दे आधी, त्याची जखम ठणकतेय,” म्हणायची. ज्याने झोपलेली पोरं मारली, त्याच्यासाठीसुद्धा आपल्या म्हाताऱ्या एक थेंब राखून ठेवायच्या!

वारीला निघालात, तुळस डोक्यावर, पताका खांद्यावर. पिशवीत एखादी जुनी पत्रिका राहिली आहे का, तेवढं आज चाचपून बघा. असेल तर चंद्रभागेत कागद टाकू नका, पाणी घाण होतं. त्या माणसाच्या दारात जा, नाहीतर फोन लावा, आणि एक ‘रामकृष्ण हरी’ म्हणा. पुढचं पांडुरंग बघून घेईल.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!