हिमप्रदेशातील उपग्रह-तबकडी व तिची हिवाळ्यातील निगा

आपल्या सभासद कुटुंबांतील कित्येक मुले-मुली, जावई व नातवंडे आज कॅनडात वा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत स्थायिक झालेली आहेत, आणि घरच्या वडील मंडळींनी तेथे जाऊन दोन-चार महिने राहणे हेही आता नवलाचे राहिलेले नाही. तेथे ज्या घरी दूरचित्रवाणी उपग्रहाच्या तबकडीवरून, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत डिशवरून येते, त्या घरी बर्फ पडून चित्र गेले की कोणीतरी शिडी लावून निसरड्या छपरावर चढावयास निघतो. हा जिवावरचा धोका पत्करण्याचे बहुधा कारणच नसते. चित्र का जाते एवढे नीट समजले, तर पुष्कळसे काम जमिनीवरूनच होते.

ग्वाल्हेरच्या सभासदांनी एक गोष्ट पाहिली असेल. पौषातील दाट धुक्यात समोरचा रस्ता दिसेनासा होतो, पण डिशवरील चित्र स्वच्छ असते. उलट बेळगावकडे आषाढातील एखादी जोराची सर आली की चित्र जागच्या जागी थिजते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तेथून घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरी साधारणतः १२ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. या लहरींना पाणी शोषून घेते. धुक्यात पाणी दिसते फार, पण असते अत्यल्प. पावसाच्या थेंबांत ते भरपूर असते.

मग बर्फाचे काय? बर्फ हेही पाणीच. परंतु गोठलेल्या पाण्याचे रेणू एकमेकांत जखडलेले असल्यामुळे ते लहरींबरोबर हेलकावे घेऊ शकत नाहीत, आणि म्हणून लहरींची शक्ती फारशी खातही नाहीत. यामुळे अनुभव असा येतो की, उणे पंधरा अंशांच्या कडाक्यात कोरडे, भुसभुशीत हिम दिवसभर पडत असूनही चित्र टिकते, आणि तापमान शून्याच्या आसपास येऊन ओले हिम डिशला चिकटले की ते जाते. खरा शत्रू थंडी नसून वितळू लागलेले पाणी होय.

अर्थात कोरडा थर जाड व वेडावाकडा साचला तर तोही बाधतो. डिशचा खोलगटपणा दूरवरून आलेल्या लहरी एका बिंदूवर गोळा करण्यासाठी काटेकोर बेतलेला असतो, आणि असमान थराने तो बेत बिघडतो. ज्या बिंदूवर लहरी गोळा होतात तेथे, दांड्याच्या टोकाला, एल.एन.बी. नावाची डबी असते. डिशच्या कोपऱ्यावरील मूठभर बर्फापेक्षा या डबीच्या तोंडावरील बोटभर ओला बर्फ अधिक घातक, कारण सारा माल त्याच एका दारातून आत यावयाचा असतो.

व्यापाऱ्याला हे वेगळ्या रीतीनेही सांगता येईल. डिश बसवताना संकेताची जी जास्तीची शिल्लक राखलेली असते ती तिची गंगाजळी. पूर्वीच्या काळी संकेत घटला की पडद्यावर हळूहळू मुंग्या येत; आजच्या अंकीय पद्धतीत गंगाजळी संपेपर्यंत चित्र निर्दोष दिसते आणि संपताच एकदम बंद पडते. म्हणून उन्हाळ्यात ‘सर्व ठीक’ दिसणारी डिश प्रत्यक्षात दिवाळखोरीच्या काठावर असू शकते. साठ सेंटिमीटरच्या डिशचा रोख एका अंशाने चुकला तरी शिल्लक बरीच घटते. हिवाळ्यापूर्वी सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर संकेताचे बळ पाहून, कमी असल्यास कारागिराकडून रोख नीट करून घ्यावा.

डिश जितकी उत्तरेकडे, तितकी ती उभी, हीही निसर्गाची एक सोयच. नेहमीची घरगुती डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. बेळगावात डी.डी. फ्री डिशचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६१ अंशांवर आहे, लेहमध्ये तोच सुमारे ४७ अंशांवर. नॉर्वेतील ओस्लो येथे तर थेट दक्षिणेकडील उपग्रहही जेमतेम २२ अंशांवर असतो. तेथील डिश जवळजवळ भिंतीसारखी उभी राहते व बर्फ घसरून पडते. टोरांटोसारख्या ठिकाणी ती किंचित मागे रेललेली असल्याने बर्फाला बसावयास जागा मिळते.

यास्तव सर्वांत मोठी निगा जागा निवडतानाच घ्यावयाची असते. डिश छपराच्या टोकावर न लावता दक्षिणेकडे मोकळा रोख मिळेल अशा भिंतीवर, हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावावी. मात्र छपरावरून घसरणारे बर्फ तिच्यावर कोसळेल अशा ठिकाणी नको. जमिनीत खांब रोवल्यास पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली जावा, नाहीतर माती फुगून खांब हलतो. केबलच्या जोडांना पाणी न शिरेल अशी पट्टी गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे थेंब तेथूनच गळतात.

बर्फ साचलेच तर लांब दांड्याच्या मऊ झाडूने ते हलकेच खाली ओढावे. फावड्याने ठोकू नये. पत्र्याला पोचा आला की तो कायमचा. उकळते पाणी ओतण्याची युक्ती तर सर्वांत वाईट, कारण तेच पाणी थोड्या वेळात काचेसारखे गोठते आणि डबीचे प्लास्टिकचे झाकण तडकू शकते. काही जण स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारतात. त्याचा उपयोग थोडाच काळ होतो. जेथे ओले हिम वारंवार पडते तेथे विजेवर चालणारी ऊब देणारी पट्टी डिशच्या पाठीस लावणे परवडते. स्टारलिंकसारख्या इंटरनेटच्या चपट्या तबकड्या स्वतःच ऊब निर्माण करून बर्फ वितळवतात, परंतु त्यासाठी वीज अधिक खातात.

डिश स्वच्छ असूनही चित्र नसेल तर प्रथम झाडांकडे पाहावे. देवदारासारख्या सदाहरित झाडांच्या फांद्या बर्फाच्या भाराने वाकून रोखाच्या आड येतात. आणि मार्चच्या आरंभी, निरभ्र आकाश असताना रोज ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाऊ लागले, तर समजावे की सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येत आहे. हा प्रकार काही दिवस चालून आपोआप थांबतो. त्यासाठी डिशला हात लावू नये.