स्मार्ट काच खरंच वीज वाचवते का?

बटण दाबलं की दुधी काच पारदर्शक होते, हे तुम्ही एखाद्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये पाहिलं असेल. हिने वीज वाचते, असं सांगितलं जातं. खरंच वाचते का?

आधी अडचण बघू. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, हवा सौम्य. पण इमारतीची पश्चिम बाजू सगळी काचेची असली, की दुपारनंतर खोली तापते, म्हणून एसी. उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून पडदा. पडद्याने अंधार होतो, म्हणून दिवे. बाहेर लख्ख ऊन आणि आत विजेचा उजेड!

स्मार्ट काचेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात द्रवस्फटिकाचे बारीक थेंब असतात. वीज बंद असताना त्यांतले रेणू वाटेल त्या दिशेला असतात, प्रकाश विखुरतो, काच दुधी दिसते. वीज दिली की रेणू एका दिशेला वळतात आणि आरपार दिसतं. म्हणजे काच जितका वेळ पारदर्शक, तितका वेळ वीज चालू. शिवाय दुधी असतानाही बरीच उष्णता आत येते. ही काच मुख्यतः आडोशासाठी.

दुसऱ्या प्रकारात टंगस्टन ऑक्साइडसारखा पातळ थर असतो. थोडा विद्युतदाब दिला की त्यात आयन शिरतात आणि काच निळसर, गडद होते. दाब उलटा केला की पुन्हा स्वच्छ. वीज लागते ती मुख्यतः रंग बदलताना. ऊन अडवायचं असेल तर ही.

मग ती घरोघरी का नाही? महाग आहे म्हणून. दोन्ही प्रकारांत वीज वाहून नेणारा, पण डोळ्यांना न दिसणारा थर लागतो. त्यात सहसा इंडियम वापरतात. हा धातू जस्त शुद्ध करताना थोडाथोडाच मिळतो.

यावर बेंगळुरूत जी. यू. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती वापरली. तळं आटलं की गाळाला भेगा पडतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तसाच एक थर काचेवर वाळू द्यायचा. भेगा पडल्या की वरून धातू चढवायचा आणि मग थर धुऊन काढायचा. भेगांत बसलेला धातू तेवढा मागे राहतो. अशी जाळी तयार होते, की तारा दिसत नाहीत, पण वीज वाहते. इंडियमची गरज उरत नाही.

तेव्हा स्मार्ट काच घेताना दोन प्रश्न विचारा: वीज सतत लागते की फक्त बदलताना? उष्णता किती अडते? आणि त्याआधी खिडकीवर छज्जा आहे का, ते बघा. त्याला वीज लागतच नाही!