हाताची नस आणि कामावर परतण्याचं गणित

हाताचं हाड मोडलं, तर प्लास्टर कधी निघणार ते साधारण आधीच कळतं. घरचे, ऑफिसातले, सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसतात. हाताच्या मज्जातंतूंना जबर इजा झाली, तर मात्र अशी तारीख कुणीच देऊ शकत नाही. मग "हात बरा झाला की कामावर जाईन" असं ठरवलं जातं, आणि तिथेच गणित फसतं. का, ते पाहू या.

तुमच्या मानेच्या खालच्या भागातून, दोन्ही बाजूंना, मज्जातंतूंची पाच-पाच मुळं निघतात आणि कॉलरबोनच्या मागे एकमेकांत गुंफली जातात. हे जाळं म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. खांद्यापासून बोटांपर्यंत हात हलतो आणि त्याला स्पर्श कळतो तो याच्याच जोरावर. मोटरसायकलवरून पडताना खांदा एकीकडे आणि डोकं दुसरीकडे ओढलं गेलं, की हे जाळं ताणलं जातं किंवा फाटतं. कधी तर मुळं मज्जारज्जूपासूनच उपटली जातात.

हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये केलेली मज्जातंतूंच्या इजांची वर्गवारी आजही वापरली जाते. सौम्य प्रकारात तंतू शाबूत असतो, फक्त संदेश अडतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हात पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रकारात आतला तंतू तुटतो, पण भोवतालचं आवरण टिकून असतं आणि त्यातून तो पुन्हा वाढतो. तिसऱ्यात सगळंच तुटतं. तिथे शस्त्रक्रियेशिवाय भागत नाही.

ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत २५ सेंटिमीटर धरले, तर आठ-नऊ महिने. तळहातापर्यंत ७० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. पण संदेश न मिळालेला स्नायू तोवर सुकत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या सहा महिन्यांत करतात. "बघू थोडे दिवस" म्हणण्याची चैन इथे परवडत नाही. या विषयातल्या तज्ज्ञाला लवकर गाठा.

अंतर कमी करायची एक युक्तीही आहे. क्रिस्टोफ ओबर्लिन या फ्रेंच सर्जननी १९९४ मध्ये अल्नर या चालू मज्जातंतूतला छोटासा भाग काढून तो थेट दंडाच्या स्नायूजवळ जोडण्याची पद्धत मांडली. काही रुग्णांत बरगड्यांमधल्या तंतूंचाही असाच वापर करतात. मग सुरुवातीला कोपर वाकवायला दीर्घ श्वास घ्यावा लागतो! सरावाने मेंदू नवी जोडणी शिकतो आणि श्वासाची गरज हळूहळू सुटते.

थोडक्यात, शस्त्रक्रियेला मुदत असते, पण बरं होण्याला तारीख नसते. मग काम दोन वर्षं का थांबवायचं? डॉक्टरांची हरकत नसेल, तर अर्ध्या वेळेने सुरुवात करा. बोलून टाइप करा. शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा एकेक करून दाबता याव्यात म्हणून कॉम्प्युटरवर 'स्टिकी कीज' चालू करा. परीक्षेला जादा वेळ मागा. प्रयोगशाळेत किंवा स्वयंपाकघरात सुन्न हाताला जपा, कारण भाजलेलं कळत नाही. फिजिओथेरपीच्या वेळा कॅलेंडरवर मीटिंगसारख्या राखून ठेवा. या दुखापतीतली जळजळ, विजेचे झटके बसल्यासारखी वेदना कामात मन गुंतलं की कमी जाणवते, असं बरेच रुग्ण सांगतात.

सवलत मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट आणि अमेरिकेत १९९० चा अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अ‍ॅक्ट यांच्या कक्षेत येणाऱ्या अपंगत्वासाठी नोकरीत आणि विद्यापीठात वाजवी बदल मागता येतात. तुमचा व्हिसा नोकरीशी किंवा शिक्षणाशी बांधलेला असेल, तर लांबची रजा घेण्याआधी किंवा कामाचे तास, विषय कमी करण्याआधी त्याचे नियम तपासा. मॅनेजरला किंवा गाइडला "कधी बरा होईन" हे सांगता येणार नाही. आज काय जमतं, कशासाठी मदत लागेल आणि तीन महिन्यांनी पुन्हा कधी बसून ठरवायचं, एवढं मात्र एका कागदावर लिहून नक्की देता येईल.