उजेडाचा रियाज

१९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेले आमचे मुधोळ. आमच्या गल्लीतला एक मुलगा हैदराबादेस कॉलेजात फोटोग्राफी शिकावयास निघाला, तेव्हा त्याची आजी मजकडे आली. ‘‘मास्तर, यात शिकायचे ते काय? बटण तर दाबायचे!’’

मी दरबारी गवयाचा मुलगा. वडिलांनी मला कित्येक महिने नुसता षड्ज लावावयास बसविले होते. ही विद्याही तशीच. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली हिचा वर्ग निघाला होता. निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळही आधी रुरकीस अभियांत्रिकी शिकले होते.

सुटीत मुलगा आला. वर्गात वेळेवर हजर राहायचे, स्वतः टिपलेलीच चित्रे मांडायची, चुका चारचौघांत ऐकायच्या, असा त्यांचा शिरस्ता. गृहपाठ एकच: एक वस्तू पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत टिपणे. भिंगाचे तोंड एक पायरी आवळले की उजेड निम्मा. मग पडदा दुप्पट वेळ उघडा ठेवायचा. म्हणजे लयच की!

त्याने वडिलांचा तंबोरा निवडला. चौदा चित्रे वाया गेली. पंधराव्यात, तिरप्या उन्हात, भोपळ्यावरची त्यांच्या हाताने झिजलेली जागा उमटली. वडिलांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही.

ते चित्र आजीबाईंना दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढल्या वर्षाची फी किती, एवढे मात्र विचारून गेल्या.