सर्वांना एकच लिंक म्हणजे समान संधी नव्हे

ऑनलाइन वर्गाविषयीचा सर्वांत घट्ट गैरसमज असा, की सर्वांना एकच लिंक पाठवली म्हणजे सर्वांपर्यंत सारखेच शिक्षण पोहोचले. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय ४२ टक्के शहरी आणि जेमतेम १५ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे आढळली. संगणक तर अनुक्रमे २३ आणि ४ टक्क्यांकडेच. आकडे जुने आहेत, आता वसई-विरारमध्ये ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण मोबाइल असणे वेगळे आणि तो वर्गाच्या वेळी मोकळा असणे वेगळे. नालासोपाऱ्याच्या चाळीत एकाच खोलीत दोन भावंडे शिकत असतील, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यात कुणी दिवसपाळी करत असेल, तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यावर रेंज येत-जात असेल, तर सकाळी दहाचा थेट वर्ग या सगळ्यांना सारखा मिळत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची कामगिरी शू आणि जॅगर्स या संशोधकांनी २०१४ साली मांडली. ऑनलाइन विषयांत सर्वच गटांची पीछेहाट झाली होती; पण आधीच कमी गुण असलेले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त मागे पडले होते. म्हणजे आधीचे अंतर या पद्धतीत आपोआप मिटत नाही, वाढते.

मागे पडणाऱ्यांना वर्गाशी जोडून ठेवण्याचा उपाय म्हणून कॅमेऱ्याची सक्ती होते, कारण चेहरा दिसला की आपुलकी निर्माण होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्या सक्तीने डेटा संपतो आणि दाखवायचे नसलेले घर सर्वांपुढे उघडे पडते. विद्यार्थ्याला शिक्षक जवळचे वाटतात ते आपले उत्तर कुणीतरी वाचले आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या म्हणून. सव्वाशेच्या वर्गात, त्यातही तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने एवढा वेळ आणायचा कुठून? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या वेळेत आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४च्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो साधारणतः सहा मिनिटांपलीकडे पाहिला जात नाही, असे दिसले. मग पाऊण तासाचे थेट भाषण कशासाठी? छोटे, डाउनलोड करता येतील असे भाग आधी द्यावेत आणि वाचलेला वेळ दहा-पंधरा जणांच्या गटांना, गृहपाठ न आलेल्यांना फोन करण्याला द्यावा. हे काम प्राध्यापकाच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजे, फुकटची सेवा म्हणून नव्हे.

दूरशिक्षण म्हणजे माणसांशिवायचे शिक्षण, हाही गैरसमजच. १९८९मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने छापील पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे आणि समंत्रक ठेवले. अडचणीतल्या विद्यार्थ्यांना सवलती दिल्या की दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे, की उत्तर तपासण्याचा निकष तोच ठेवून सादर करण्याची मुदत आणि मार्ग बदलता येतात: टंकलिखित उत्तराऐवजी वहीच्या पानाचा फोटो, नेट गेल्यास दोन दिवसांची मुभा. वसई-विरारच्या महाविद्यालयांकडे इमारती आहेत, संगणक कक्ष आहेत. ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे ठेवले, तर पाळी संपवून आलेल्यांना जागा, यंत्र आणि विचारायला माणूस, तिन्ही एकाच ठिकाणी मिळतील.