केईएम, व्हेंटिलेटर आणि मरणाचा हक्क

अरुणा शानभाग यांचं नाव निघालं की मुंबईच्या परळ-लालबागमध्ये अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘बेचाळीस वर्षं मशीनवर ठेवलं होतं हो तिला!’ तसं नव्हतं. २७ नोव्हेंबर १९७३ला झालेल्या हल्ल्यानंतर केईएम रुग्णालयाची ही नर्स ज्या अवस्थेत गेली, तिला कोमा म्हणणंही चूक. डोळे उघडे असत, झोप-जाग चाले, श्वास स्वतःचा होता. सहकारी नर्सेस तोंडाने भरवत. मासे, चिकन सूप मिळालं की त्यांचा चेहरा खुलतो, नको ते त्या थुंकून टाकतात, अशी नोंद न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात आहे. अन्नासाठी नाकातून नळी घातली ती २०१०मध्ये, मलेरियानंतर. व्हेंटिलेटर लागला तो मे २०१५मध्ये, अखेरच्या न्यूमोनियात.

त्या ‘ब्रेन डेड’ही नव्हत्या. मेंदूचं मूळच कायमचं बंद पडलं की माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. यंत्र हवा ढकलतं म्हणून हृदय काही काळ चालतं. व्हेंटिलेटर नव्हता तेव्हा माणूस जिवंत की मृत, हा पेच नव्हताच, श्वास थांबला की सगळं संपे. अवयवदानासाठी अशा मृत्यूला आपल्याकडे १९९४च्या कायद्याने मान्यता दिली. डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं.

‘कोर्टाने तिला इच्छामरण दिलं’ हा तर सर्वांत हट्टी गैरसमज. ७ मार्च २०११ रोजी अरुणाला अन्न देणं थांबवावं, ही लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरलं. आणि त्यांना ती जगायला हवी होती. मला हा भाग निकालातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. दार उघडलं ते इतरांसाठी: उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असं तेव्हा ठरलं.

इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आजही गुन्हाच. ९ मार्च २०१८च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१मध्ये धरला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण त्यावर दंडाधिकाऱ्याची सही हवी होती. एवढा खटाटोप कोण करणार? २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपण स्वतः निर्णय घेऊ शकत असेपर्यंत हा कागद लागूच होत नाही. नंतरही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी होकार द्यावा लागतो, आणि यंत्र काढलं तरी वेदना कमी करणारे उपचार चालूच राहतात.