अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी आणि चुरशीच्या महाविद्यालयांतील प्रवेश : जांबे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील समान संधीचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने आरक्षण आणि शुल्क या दोन अंगांनी होतो. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु ज्या महाविद्यालयांत प्रवेशासाठी मोठी चुरस असते तेथे गरीब घरातील विद्यार्थी इतके कमी का पोहोचतात, याचे पूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही. प्रस्तुत लेखात मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव समोर ठेवून या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

जांबे हे हिंजवडी-मारुंजी पट्ट्यातील गाव. माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे या पट्ट्यातील शेतजमिनीवर गृहसंकुले उभी राहिली आणि बांधकाम, घरकाम, सुरक्षा अशा कामांसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतील कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिली. येथून शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुमारे वीस किलोमीटरवर आहे. 1854 मध्ये सुरू झालेली आणि 2022 मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळालेली ही संस्था नकाशावर जवळ आहे. मजुराच्या मुलीला ती तितकी जवळ वाटत नाही.

पात्रता आणि तयारी

अभियांत्रिकीचा राज्यस्तरीय प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेवर ठरतो. 2019 पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि गुणवत्ता यादी पर्सेंटाइलनुसार लागते. प्रश्नपत्रिकेत सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या आणि 80 टक्के बारावीच्या अभ्यासक्रमाला असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे परीक्षा पाठ्यक्रमाबाहेरची नाही. परंतु दीड तासात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे 100 प्रश्न सोडविण्याचा सराव वर्गात होत नाही, तो खाजगी शिकवणीत होतो. 'टाय-अप'च्या प्रथेत तर विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि विद्यार्थी शिकवणीत असे चित्र दिसते. 2018 मध्ये शासनाने पुण्यासह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीची अकरावीतील पहिली सहामाही बहुधा इंग्रजी परिभाषेशी झगडण्यात जाते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये हाती येतात. आधार म्हणून ती रक्कम मोलाची आहे, पण शिकवणीच्या शुल्कापुढे ती फारच तोकडी पडते.

अर्जच न करणारे

येथवरचे विवेचन परिचित आहे. अधिक दुर्लक्षित राहतो तो पुढचा टप्पा : पुरेसे गुण असूनही पसंतीक्रमात त्या संस्थेचे नावच न लिहिणारे विद्यार्थी.

अमेरिकेत या प्रश्नावर उद्बोधक प्रयोग झाला आहे. मिशिगन विद्यापीठाने 2015 पासून राज्यातील हुशार परंतु अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना व्यक्तिशः पत्र पाठवून चार वर्षांच्या शिक्षणशुल्कमाफीची हमी दिली. यातील बहुतेकांना तशीही तितकी सवलत मिळालीच असती. नवीन होती ती केवळ आगाऊ खात्री. तरीही अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण 26 टक्क्यांवरून 68 टक्क्यांवर गेले आणि प्रत्यक्ष प्रवेश दुपटीहून वाढले. सुझन डायनार्स्की व सहकाऱ्यांचे हे संशोधन वाचताना आपल्याकडील शुल्कप्रतिपूर्तीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

'प्रतिपूर्ती' हा शब्दच मुळी नंतर मिळणाऱ्या पैशाचा आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना निम्म्या शिक्षणशुल्काचा लाभ मिळतो. पण अर्ज प्रवेशानंतर करायचा, मंजुरी त्याहून नंतर. रोजंदारीवरील बापाला हे गणित कसे पटावे? 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही मोठीच सुधारणा होय. मात्र हे त्या मुलीला पसंतीक्रम भरण्यापूर्वी कोणी सांगितले नसेल, तर तिच्यापुरती ती सवलत नसल्यासारखीच. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते. तेव्हा 'जवळचे बरे' म्हणून वर टाकलेले महाविद्यालय पुढे बदलता येत नाही.

कागदपत्रे

जांबेसारख्या गावात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची खरी अडचण येथे आहे. उत्पन्नाचा दाखला मुळशी तहसीलमधून मिळू शकतो; जातीचा दाखला मात्र मूळ जिल्ह्यातूनच काढावा लागतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदी, त्याही गावी. दोन खेपा म्हणजे चार-सहा दिवसांची मजुरी बुडते. वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही तर राखीव जागेचा हक्क हातचा जातो आणि गुणवत्ता असूनही विद्यार्थिनी खुल्या यादीत मागे पडते. शासन कधी मुदतवाढ देते, पण मुदतवाढीच्या भरवशावर कोणाचे वर्ष पणाला लावावे, असे आम्हांस वाटत नाही.

वैधतेचा प्रस्ताव अकरावी-बारावीच्या विज्ञान विद्यार्थ्यांना कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पाठविता येतो. तो बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीच्या पहिल्याच सत्रात पाठवावा. ज्या वर्गशिक्षकाने जुलैमध्ये हजेरीपटासोबत 'कोणाचे मूळ गाव कोठले' एवढी एक नोंद केली, त्याला दिवाळीच्या सुटीत कोणाला कोणता कागद आणायला गावी पाठवायचे हे ठाऊक असते. सुटीत ही कुटुंबे तशीही गावी जात असतात.